नुसती बाही

गिटारच्या वरच्या फळीवर, वाजवताना उजवं मनगट जिथे येतं तिथे, एक चरा आहे. केसाएवढा. सरळ नाही, कंपासने काढावा तसा किंचित कमानदार. कॉलेजातलं भिंग आणून पाहिलं तेव्हा कळलं की तो एक नाही. शेजारी शेजारी चार-पाच आहेत, सगळे एकाच वळणाचे, आणि त्यांच्यामधलं अंतर माझ्या हातातल्या बांगड्यांच्या जाडीएवढं. फळीला लाखेचं पॉलिश आहे. लाखेपेक्षा काच कठीण असते. हात हलतो, बांगडी घासते, चरा उमटतो. आणखी कारण शोधायची गरज नव्हती.

तरी मी दहा वर्षं दुसरंच काहीतरी शोधत राहिले.

मी नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गिटार पुण्यात एम.एस्सी. करताना शिकले, कॅम्पात राहणाऱ्या डिमेलो सरांकडे. ते आधी क्लासिकल शिकवत आणि विद्यार्थी टिकला तर मग फ्लामेंको. स्पेनमधली ती पद्धत. तारा छेडता छेडता अनामिकेने फळीवर ठोका मारायचा असतो. ताल त्या ठोक्यातून येतो, वेगळा तबलजी लागत नाही. मुलाकडे कॅनडाला कायमचं जाताना सरांनी आपली गिटार मला दिली. "मोहिनी, हिला शोभेला ठेवू नकोस," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी, त्र्याण्णवला, माझं शेखरशी लग्न झालं.

शेखर सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. घर मूळचं पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागवाल्यांचं. बाग आणि पॅकहाउस माझा धाकटा दीर धनराज सांभाळतो. सासूबाई, म्हणजे सिंधुबाई, आमच्याजवळ नाशिकला राहायच्या. कॉलेजसाठी नणंद हर्षालीही आमच्याकडेच होती.

नाशिकमध्ये तेव्हा अशा गिटारचं सामान मिळत नसे. मेन रोडला वाद्यांचं एक दुकान होतं. हार्मोनियम, ढोलकी, टाळ आणि वर टांगलेल्या तीन-चार गिटारी. मालक गोरक्ष.

"नायलॉन कशाला, ताई? स्टीलच्या न्या. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातील."

"या गिटारला स्टीलचा ताण झेपत नाही. तारा अडकवलेली घोडी उखडून येईल."

"मग गिटार बदला ना. तारा काय, मिळतात त्याच मिळणार."

मी गिटार बदलली नाही. तारा मुंबईहून, कोणी जाणारं असेल तेव्हा मागवायला लागले आणि बाकीचं सामान घरीच केलं. पाय ठेवायला जेवणाचा पाट. उन्हाळ्यात हवा कोरडी होऊन लाकूड आकसतं, फळीला भेग जाते, म्हणून भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज. पावसाळ्यात उलट, सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करायचे. उजव्या हाताची नखं घासायला शेखरच्या कारखान्यातला सर्वांत बारीक पॉलिशपेपर. ठोके बसतात तिथे लाकडाला खड्डे पडू नयेत म्हणून पारदर्शक पट्टी चिकटवावी लागते. ती सासूबाईंच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची केली. फिल्म ब्लीचच्या पाण्यात ठेवली, गुडघा धुऊन निघाला, खाली स्वच्छ पट्टी उरली.

"दुखणं बी असंच धुऊन निघालं असतं तर बरं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना गिटारचा राग नव्हता, हे सांगायला हवं. एका हाताची नखं वाढवलेली आणि एका हाताची कापलेली पाहून त्या हसायच्या, पण कापायला कधी सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं. माझे दोन्ही हात काचेच्या हिरव्या बांगड्यांनी भरलेले असले पाहिजेत. घट्ट मापाच्या, कासाराकडून भरून घेतलेल्या, हाताने उतरवता न येणाऱ्या. बांगडी वाढली, म्हणजे फुटली, की त्याच आठवड्यात नवी. सासरे नव्वद साली गेले तेव्हा बायकांनी सासूबाईंना अंगणात बसवून त्यांच्या बांगड्या दगडाने फोडल्या होत्या. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, गहू निवडता निवडता, आणि नंतर म्हणाल्या, "माझ्या पोरांच्या बायकांचा मोकळा हात मला बघवायचा नाय." त्यावर काय बोलायचं हे मला सुचलं नाही. तेव्हापासून सुचलं नाही असंच म्हणत आले.

मग उपाय सुरू झाले. शेखरचा मोजा पंजापाशी कापून बांगड्यांवर चढवला. हाताखाली गाठोडं आल्यासारखं झालं. बांगड्या वर सरकवून रबरबँड लावला. बोटं बधिर झाली. शेखरने हौसेने ॲल्युमिनियमचा एक टेकू करून आणला, गिटारच्या कडेला चिमट्याने बसणारा, म्हणजे हात फळीपासून वर राहील. एक विशिष्ट सूर वाजला की तो टेकू गुणगुणायला लागे. शेखरने खाली रबर लावलं, मग दुसरा सूर गुणगुणला.

"आता डिझाइन बदलतो," तो म्हणाला.

"आईंशी बोल ना त्यापेक्षा."

"बोलतो की." आणि त्याने डिझाइन बदललं.

घरातलं प्रत्येक माणूस माझ्यासाठी काहीतरी बनवायला तयार होतं. सासूबाईंशी बोलायला कोणी तयार नव्हतं. त्यात मीही आले.

दोन हजार तीनच्या जुलैमध्ये नाशिकच्या एका संगीत मंडळाने मला विचारलं. दर महिन्याला एक बैठक करतात, डिसेंबरमध्ये अर्धा तास गिटार वाजवाल का? मी घरी न विचारता हो म्हटलं. पुण्यात सरांच्या खोलीत वाजवलं होतं, आमच्या हॉलमध्ये वाजवलं होतं. अनोळखी माणसांसमोर, मंचावर, कधीच नाही. मी सदतीस वर्षांची होते. आता नाही वाजवलं तर मी गिटार वाजवते असं म्हणणंसुद्धा सोडून द्यावं लागलं असतं.

तयारी म्हणून टेपरेकॉर्डरवर स्वतःला रेकॉर्ड केलं. ऐकलं तर प्रत्येक ठोक्याबरोबर खळ्ळ. ठोका लाकडाचा, कोरडा हवा. माझा ठोका काचेचा होता. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या.

"बांगड्या छान वाजल्या गं," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये धनराज बागायतदारांच्या एका गटाबरोबर स्पेनला गेला, तिथल्या द्राक्षबागा बघायला. निघताना मी त्याला म्हटलं होतं, गिटारचं दुकान दिसलं तर फोन करा. मला वाटलं विसरेल. एका दुपारी फोन वाजला.

"वहिनी, दुकानात उभा हाय. लवकर बोला, गटातले लोक बाहेर गाडीत बसलेत, शिव्या देताहेत."

"तारा विचारा. नायलॉनच्या, फ्लामेंकोच्या."

"विचारल्या. तो म्हणतो ताण कोणता? मध्यम का कडक? मी म्हटलं, बाबा, आमच्याकडं तारा द्राक्षाच्या मांडवाला लागतात, तिथं कडकच बरा."

"कडकच घ्या. दोन संच. ठोका वाजवताना तार लोळत नाही."

"घेतल्या. अजून?"

"फळीवर चिकटवायची पारदर्शक पट्टी."

"हाय. दोन तुकडे. अजून एक गंमत हाय वहिनी, लाकडाचा चाप. त्याला पिळायची खुंटी हाय, सतारीला असते तशी."

"तोच. तो गळ्यावर बांधला की स्वर वर चढतो. घ्या."

"घेतला. आणि ऐका, हितं नुसती बाही विकायला ठेवलीय!"

"कसली बाही?"

"सदऱ्याची बाही. सदरा नाय, नुसती बाही. काळी. ती बी एकच. मी विचारलं, दुसऱ्या हाताची कुठंय, तर तो खदाखदा हसतोय. तुमच्या त्या मोज्यासारखीच हाय बघा, मनगटापासून कोपरापर्यंत. घामाने फळी खराब होऊ नये म्हणून घालतात म्हणे."

स्पेनमधल्या माणसांनीही माझ्यासारखाच मोजा कापला होता, आणि आता तो दुकानात विकत मिळत होता. मला वाटलं, सुटले.

"तीही घ्या," मी म्हणाले. "तीच आधी घ्या."

सामान दसऱ्याला आमच्या घरी आलं. धनराजने ते निर्यातीच्या द्राक्षपेटीत, प्लास्टिकच्या अस्तरात, व्यवस्थित बांधून आणलं होतं. महिनाभर ते पॅकहाउसमध्ये त्याच पेटीत होतं. पेटी उघडली आणि काडीपेटीच्या जळलेल्या काडीसारखा वास आला.

"धनराजभाऊ, यात काय घातलंत?"

"काय घालणार? ग्रेप गार्ड. उरलेले कागद होते सीझनचे. पावसाळी हवा, बुरशी लागायला नको म्हणून वर एक आणि खाली एक टाकला." तो अभिमानाने म्हणाला. "द्राक्षं दोन-दोन महिने टिकतात वहिनी त्यात. तारांचं काय घेऊन बसलात."

त्या कागदाला ओल लागली की त्यातून गंधकाचा वायू निघतो. द्राक्षावर बुरशी धरत नाही, हे खरं. पण गिटारच्या खालच्या तीन तारांवर तांब्याचा वेढा असतो आणि त्यावर चांदीचा पातळ मुलामा. दोन्ही संचांतल्या त्या तारा तपकिरी-काळ्या पडल्या होत्या. बोट फिरवलं तर खरखरीत लागल्या.

"म्हणजे वाया?" धनराजचा चेहरा उतरला.

"वरच्या तीन साध्या नायलॉनच्या आहेत, त्यांना काही झालं नाही. पट्टी चांगली आहे. चाप चांगला आहे."

"आणि बाही?"

बाही मी तिथेच चढवून पाहिली, सगळ्यांसमोर. सुरेख होती. तलम, ताणली जाणारी, हाताला घट्ट बसणारी. घट्ट बसली म्हणूनच बांगड्यांचे उंचवटे एकेक करून वर दिसायला लागले. गिटार घेतली. हात फळीवर ठेवला तर बाहीच्या आतून काच काचेवर दाबली गेली आणि मनगटात रुतली. थोडं वाजवल्यावर आतून कट्‌ असा आवाज आला आणि बाहीतून एक बारीक टोक बाहेर आलं.

"एक वाढली वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "राहू दे आता. डिसेंबरात हर्षालीच्या लग्नात भरायच्याच आहेत सगळ्यांना."

मी बाही उलटी करून काच काढली. तिच्या शिवणीकडे बघत बसले. ज्याने ती शिवली त्याने उघडा हात समोर ठेवून शिवली होती. त्यात त्याची चूक नव्हती. मला हवं ते जगातल्या कोणत्याही दुकानात मिळणार नव्हतं, कारण मला बाही नकोच होती.

हे त्या दिवशी मला स्वच्छ दिसलं. बोलले मात्र नाही. हर्षालीचं लग्न ठरलेलं, घरात खरेदीची धांदल. आता कुठे, असं स्वतःलाच सांगितलं.

प्रश्न तारांचा होता. मुंबईला जाणारं कोणी मिळत नव्हतं, म्हणून गिटारवरच्या जुन्या खालच्या तीन तारा उकळून परत वापरायचं ठरवलं. वेढ्यांमध्ये बसलेला घाम आणि मळ कडक वाफेने निघतो आणि तार काही दिवस पुन्हा खणखणीत बोलते. एका शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर मी त्या लॅबमधल्या ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने उपकरणं निर्जंतुक करायच्या भांड्यात, ठेवल्या. दाब द्यायचा नव्हता, नुसती वाफ हवी होती, म्हणून झाकण न आवळता टेकवून ठेवलं. काढताना ते जड झाकण हातातून निसटलं. हात वाचला. झाकण आणि कडा यांच्यामध्ये उजव्या हातातल्या बांगड्या सापडल्या, त्या सगळ्या वाढल्या. फरशीवर हिरवा चुरा झाला. मनगटावर थोडं खरचटलं होतं, त्यावर आयोडीन लावलं आणि चुरा झाडून घेतला.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी आधी हात पाहिला आणि मग माझ्याकडे.

"लागलं का?"

"थोडंसं."

त्यांनी आत जाऊन माझी सोन्याची पाटली काढून आणली आणि उजव्या हातात चढवली. "लग्न दहा-बारा दिवसांवर आलंय. तिथं लंकाबाई कासारीण भरंल. तोवर ही असू दे."

पाटली सोन्याची, सैल. ती काढता येते. त्या संध्याकाळी मी ती टेबलावर काढून ठेवली आणि उकळलेल्या तारा चढवून वाजवायला बसले. पहिला ठोका मारला आणि थांबले. परत मारला. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. कोरडा, लाकडाचा, एकटा आवाज. त्याच्या मागे काही नाही. सरांच्या खोलीत ऐकलेला. लग्नानंतर मी हा आवाज एकदाही काढला नव्हता, आणि मला वाटत आलं होतं की सराव कमी पडतोय.

त्यानंतर मी रोज पाटली काढून वाजवलं. सासूबाई दाराशी येत, मोकळ्या मनगटाकडे बघत आणि परत जात. एकदा म्हणाल्या, "आज लवकर आटपशील का?" मी म्हटलं, "नाही आई, अजून बसणार आहे." एवढंही मी पूर्वी म्हटलं नसतं. कार्यक्रम हर्षालीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बांगड्या भरल्या जाणार होत्या. म्हणजे मंचावर माझा हात पुन्हा काचेत असणार होता.

"सैल मापाच्या भरून घे," शेखर म्हणाला. "कार्यक्रमाच्या आधी उतरव, नंतर घाल. आईला कळणारही नाही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरही तसंच. लपवायचं म्हणून नाही गं. तिला दुखवायचं नाही म्हणून."

"शेखर, दहा वर्षं मी तेच करतेय. फक्त दरवेळी वेगळ्या सामानाने."

"मग सांग की लॅबमध्ये काच चालत नाही म्हणून. ऑटोक्लेव्हचं झालंच आहे. कोणी काही बोलणार नाही."

"लॅबमध्ये चालते. डाव्या हातात अजून आहेतच की."

"तू ना, परीक्षेचा पेपर तपासल्यासारखं करतेस सगळ्याचं."

तो चिडून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, "तुला काय बोलायचं ते बोल. मी असेन तिथेच." ते त्याच्यासाठी पुष्कळ होतं, हे मला कळलं.

पिंपळगावला मांडवात लंकाबाई आपल्या टोपल्या पसरून बसली होती. हिरव्या बांगड्यांच्या माळा, बाजूला पाण्याची वाटी आणि साबण. आधी हर्षालीचे हात भरले. मग माझी पाळी. नवरीची थोरली वहिनी म्हणून. भोवती वीस-पंचवीस बायका, आणि समोर चुलत सासूबाई नवसाबाई, जिची जीभ सगळ्या घराला ठाऊक. सिंधुबाई मांडवात नव्हत्या. विधवा म्हणून त्या घराच्या उंबऱ्याच्या आत, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. तिथून सगळं दिसत होतं. पुरुष मांडवाच्या पलीकडच्या बाजूला आचाऱ्याशी बोलत होते. शेखरने एकदा इकडे पाहिलं.

लंकाबाईने डाव्या हातातल्या जुन्या बांगड्यांच्या वर नव्या चढवल्या. हात सैल सोडा, म्हणाली, आणि बोटं एकत्र दाबून सराईतपणे एकेक सरकवली. मग उजवा हात हातात घेतला आणि थबकली.

"आगं बया! ह्या हाताची नखं बघा! त्या हाताची कापलेली आन् ह्या हाताची वाढवलेली. आर्धं वरीस झोपली व्हतीस का काय, बाई?"

बायका हसल्या.

"कालेजात शिकवती ती," नवसाबाई म्हणाली. "तिथं पोरांना चिमटे काढायला लागत आसतील."

"आन् शेखरला काढायचं राहिलं तर?" कोणीतरी मागून म्हणालं. आणखी हसणं. मीही हसले.

"वाजवायला लागतात, लंकाबाई," मी म्हणाले. "नखाने तार छेडतात."

"आस्सं. मग जपून भरते. मोडायचं नाय एक बी." तिने माझी बोटं गोळा केली, अंगठा आत वळवला. पहिली बांगडी बोटांच्या गाठींपर्यंत आली. मी हात मागे घेतला.

"दुखलं का?"

"नाही."

"मग?"

मी हात मांडीवर ठेवला. हसणं थांबलं. नवसाबाई पुढे सरकली.

"काय झालं गं? एक हात भरून दुसरा मोकळा ठेवत्यात का कुठं? तुझ्या सासूला दिसतंय तिथनं."

मी दाराकडे पाहिलं. सिंधुबाईंचे दोन्ही हात चौकटीवर होते. दोन्ही मोकळे. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, घाबरलेला होता, आणि ते मला रागापेक्षा अवघड गेलं.

तेवढ्यात हर्षाली बोलली. मेंदीचे, कोपरापर्यंत हिरवे हात सांभाळत ती वळली आणि घाईघाईने म्हणाली, "अहो लंकाबाई, वहिनीच्या लॅबमध्ये काच चालत नाही. परवाच केवढा अपघात झाला. कॉलेजचा नियम आहे. राहू द्या उजवा हात."

"मग तसं सांगायचं की," नवसाबाई म्हणाली. "नोकरीपुढं काय करणार. भरू नको गं लंका." मांडवातला ताण एकदम उतरला. लंकाबाईने बांगडी परत माळेत ओवली. दारात सिंधुबाईंनी श्वास सोडलेला मला एवढ्या लांबून दिसला. सगळ्यांना ते कारण हवं होतं. त्यात कोणाचाही अपमान नव्हता. मी नुसती मान हलवली असती तर उद्या लग्न लागलं असतं, परवा मी मोकळ्या हाताने वाजवलं असतं आणि कोणी कधी काही विचारलं नसतं.

हर्षाली माझ्याकडे बघत होती, शाबासकीची वाट बघावी तशी. परवापासून ती दुसऱ्या घरात असणार होती, आणि खरं बोलायची वेळ आली की दुसरं कारण कसं पुढे करायचं हे ती माझ्याच घरात, मला बघून शिकली होती.

मी पाटावरून उठले. बायकांमधून वाट काढत दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याच्या अलीकडे, सिंधुबाईंच्या समोर उभी राहिले.

"लॅबचा काही नियम नाही, आई," मी म्हणाले. माझा आवाज हवा तेवढा स्थिर होता. "हर्षाली माझ्यासाठी बोलली. काचेने गिटारचा आवाज बिघडतो आणि फळीला चरे पडतात, म्हणून मी हात मागे घेतला. तुमच्या मुलाला काही होणार नाही, आणि झालं तर ते माझ्या मोकळ्या हातामुळे नसेल. मी गिटार वाजवते, आई. उजव्या हातात मी बांगड्या भरणार नाही. आज नाही, आणि यापुढे कधीच नाही."